सापडलेलं नाणं मुशीत जाऊ नये म्हणून

गिरणाकाठच्या एका गावात चार वर्षांपूर्वी जुना वाडा पाडायला घेतला. धाब्याचं घर, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. कोनाड्यामागे भिंतीत मडकं निघालं आणि मडक्यात चांदीचे रुपये. किती होते ते घरातलीच माणसं वेगवेगळं सांगतात. थोरला म्हणतो साठ, धाकटा म्हणतो ऐंशीच्या वर. आठ दिवसांत सगळे सराफाकडे गेले आणि मुशीत वितळले. अक्षरं चांगली उठली होती म्हणून सराफाने तीन तेवढे बाजूला ठेवले. ते तीन मी हातात घेतले, तोलले, दोन्ही अंगांनी फोटो काढले. पुढे तेही विकले गेले. आज माझ्याकडे सहा फोटो आणि वजनं लिहिलेला एक कागद आहे.

तिघांतला एक शाहजहानचा, सुरतेच्या टांकसाळीतला. दुसरा औरंगजेबाचा, तोही सुरतेचाच. तिसरा औरंगजेबाचा, पण बुऱ्हाणपूरचा. त्याच्या एका अंगावर औरंगजेबाच्या रुपयांवर नेहमी येणारी फारसी काव्यपंक्ती होती. पूर्ण चंद्रासारखं नाणं या जगात पाडलं, असा तिचा अर्थ. कडेला अर्धवट उठलेलं हिजरी साल 1091. म्हणजे 1680 हे वर्ष आणि 1681चे पहिले काही दिवस. त्यानंतर लगेच, 1681च्या जानेवारीअखेरीस, संभाजीराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूर लुटलं. त्या धामधुमीत खानदेशातल्या किती घरांनी चीजवस्तू भिंतीत लपवली असेल! हे मडकं त्यातलंच असेल का?

याचं उत्तर त्या मडक्यातच होतं. नाणी पुरण्याचा काळ ठरवायची रीत साधी आहे. सगळी नाणी पसरायची, त्यातलं सर्वांत अलीकडचं शोधायचं, आणि त्याच्यानंतर लवकरच मडकं पुरलं गेलं असं धरायचं. साठ-ऐंशी नाण्यांत 1091च्या पुढचं एकही साल नसतं, तर बुऱ्हाणपूरच्या लुटीशी त्याचा धागा जोडायला भक्कम आधार मिळाला असता. त्यात 1110चं एखादं नाणं असतं, तर कथा निराळी झाली असती. आता दोन्हींपैकी काहीच म्हणता येत नाही. शिवाय सुरतेची नाणी किती आणि बुऱ्हाणपूरची किती, या हिशेबालाही मोल होतं. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा रस्ता नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा आपल्या तापीखोऱ्यातून जायचा. फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये सतराव्या शतकात त्याच वाटेने गेला. त्या रस्त्यावरच्या व्यापाराचा पैसा गिरणेच्या काठापर्यंत कसा झिरपत होता, ते त्या मडक्याने सांगितलं असतं. चांदी गेल्याचं मला दुःख नाही. चांदी कुठल्यातरी पैंजणात असेलच. मडकं वाचायच्या आत वितळलं, हे मला सोसत नाही.

त्या घरातल्या माणसांना दोष द्यायला मी तयार नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही बहुधा तेच केलं असतं. त्या रात्री घरातली म्हातारी सगळ्यांना एकच वाक्य सांगत होती, "कोनले सांगजो नको." सरकारला कळलं की सरकार घेऊन जाणार, वर पोलीस दारात येणार, ही तिची समजूत. गावोगाव हीच समजूत आहे. ती पुरती खरी नाही, पण कायद्याने ती खोटी ठरावी असंही काही केलेलं नाही.

कायदा आहे 1878चा. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, म्हणजे घराच्या भिंतीतसुद्धा, लपवलेली मौल्यवान वस्तू सापडली आणि तिची किंमत दहा रुपयांच्या वर असली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दहा रुपये! 1878 साली रुपया तोळाभर वजनाचा होता आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी होती. दहा रुपये म्हणजे दहा तोळ्यांचा ऐवज. आज दहा रुपयांत स्टँडवर कटिंग मिळते. दीडशे वर्षं होत आली, रुपया कुठून कुठे गेला, आणि मर्यादा दहा रुपयांचीच राहिली. त्यामुळे नांगराच्या फाळाला लागलेली एकुलती एक शिवराई, म्हणजे मराठा काळातलं तांब्याचं नाणं, तीही या कायद्यात अडकते.

कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि हिस्साही जातो. घरमालकाने लपवायला साथ दिली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद. आता याच कायद्याची दुसरी बाजू बघा. चौकशीअंती ऐवज बेवारस ठरला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला, अशी वाटणी त्यात लिहिलेली आहे. मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत जितक्या लोकांना हे सांगितलं, त्यांच्यापैकी एकालाही आधी माहीत नव्हतं. शिक्षा सगळ्यांना ठाऊक आणि हक्क कुणालाच नाही.

खरी मेख पुढेच आहे. सरकारला तो ऐवज संग्रहालयासाठी हवा असेल तर ते घेऊ शकतं. मोबदला किती? धातूची किंमत, अधिक तिचा पाचवा हिस्सा. नाणं सातवाहनाचं असो, अकबराचं असो, की शिवाजी महाराजांच्या काळचं असो, मोजायचा फक्त धातू. शिवराईत तांबं दहाएक ग्रॅम. किलोला हजार रुपये भाव धरला तरी होतात दहा रुपये, वर पाचवा हिस्सा म्हणून दोन. शिवराईसाठी शेतकऱ्याने अर्ज लिहायचा, तालुक्याला खेटे घालायचे, जबाब द्यायचे, आणि हातात पडणार बारा रुपये. सराफ चांदीचा भाव त्याच दिवशी रोख देतो आणि काही विचारत नाही. मग माणूस कुणाकडे जाईल? नाणं आणि चांदीचा तुकडा यांत कायदाच जर पाचव्या हिश्शाहून जास्त फरक करत नसेल, तर सराफाने तो करावा असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

जळगावच्या सराफबाजाराची शुद्धतेबद्दलची ख्याती सगळ्या महाराष्ट्रात आहे. तिथे सोन्याचा कणही वाया जात नाही. पेढ्यांपुढची, कारागिरांच्या खोल्यांतली धूळ झाडून, ती धुऊन झारेकरी त्यातून सोनं काढतो. इतकी नजर आणि इतकी चिकाटी ज्या बाजारात आहे, तिथेच सबंध नाणी न वाचता मुशीत जातात. त्या बाजाराने मनावर घेतलं तर त्याच्याइतकी मदत दुसरं कुणी करू शकणार नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

नाणी एकत्र राहिली तर काय घडतं, याचं उदाहरण शेजारच्या नाशिक जिल्ह्यात आहे. 1906 साली जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. 13,000हून जास्त नाणी, सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रप राजाची. त्यांपैकी 9,000हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने पुन्हा आपला ठसा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावरच कमानींचा डोंगर आणि चार गोळ्यांचं उज्जयिनी चिन्ह. गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश निपटून काढला, असं नाशिकच्या लेण्यातल्या लेखात त्याच्या आईने लिहवून ठेवलं आहे. राजाची स्तुती म्हणून ते बाजूला सारता आलं असतं. या नाण्यांनी ते पक्कं केलं. त्यांतली पाच-पन्नास नाणी बाजारात सुटी आली असती, तर एक विचित्र नाणं म्हणून कुणीतरी विकत घेतली असती, इतकंच. तेरा हजारांत नऊ हजार, हे प्रमाण हाच पुरावा आहे. साठा मोडला की प्रमाण मोडतं.

खानदेशात अशी माती कमी नाही. तापी-गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे, गिरणेवरचं बहाळ, इथे पुरातत्त्वज्ञांनी उत्खननं केली आणि ताम्रपाषाणयुगापासूनचे थर उघडे केले. पण प्रत्येक जुन्या गावाला आपली पांढरी असते. जुन्या वस्तीची, राखेची, पडक्या भिंतींची ती माती. शेतात खत म्हणून टाकतात, पावसाळ्याआधी धाब्यावर पसरतात. आता तीच माती जेसीबीने ट्रॉलीच्या ट्रॉली उचलली जाते. पहिल्या मोठ्या पावसानंतर पांढरीच्या उतारावर पोरं नाणी वेचतात. मीही वेचलेली आहेत.

अकरा वर्षांचा असताना अशाच उतारावर मला एक नाणं सापडलं. हिरवट, कडा खाल्लेल्या, बोराएवढं. एका अंगाला सोंड वर केलेला हत्ती अंधुक दिसत होता. घरी आणून मी ते चिंचेने घासलं, मग विटेच्या भुकटीने, मग पुन्हा चिंचेने. लाल, चकचकीत झालं, आणि हत्ती गेला. मागच्या बाजूचं चार गोळ्यांचं चिन्ह तेवढं थोडं उरलं. ते सातवाहनांचं उज्जयिनी चिन्ह हे कळायला मला पुढे वीस वर्षं लागली. ते नाणं अजून माझ्याजवळ आहे. हत्ती होता हे मला आठवतं आणि माझ्या आईला आठवतं, बाकी त्याला पुरावा नाही.

म्हणून नाणी घासणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो. जमिनीतून निघालेल्या नाण्यावरचा थर म्हणजे मळ नाही. धातूचा वरचा पापुद्रा शेकडो वर्षांत बदलून तो थर झालेला असतो, आणि अक्षरं बरेचदा त्या थरातच उभी असतात. थर काढला की अक्षरं त्याच्याबरोबर निघतात. कधी त्या हिरव्या थरात कापडाच्या विणीचा ठसा असतो, उभे-आडवे धागे मोजता येतील इतका स्पष्ट. नाणी फडक्यात बांधून पुरली होती हे त्यावरून कळतं. चिंच, लिंबू, राख, ब्रश, तेजाब, यांतलं काहीही लावलं की ते फडकं कायमचं जातं. सुटी माती काढायची असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं ठेवावं, पाणी बदलत राहावं, आणि मऊ झालेली माती लाकडी काडीने हलकेच सोडवावी. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो रोग आहे. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवून जाणकाराला दाखवावं. यापलीकडे घरी काही करू नये.

आणि आम्हा संग्राहकांच्या बाजाराकडेही बोट दाखवलं पाहिजे. लिलावांत आणि प्रदर्शनांत आता प्रतवारीचा जोर आहे. नाणं किती झिजलंय, चमक किती, यावरून श्रेणी ठरते, ते प्लास्टिकच्या डबीत बंद होतं, वर लेबल लागतं. प्रतवारी वाईट नाही. तिच्यामुळे खोट्या नाण्यांना थोडा आळा बसतो, नवख्याला भाव कळतो. पण त्या लेबलावर सगळं असतं आणि नाणं कुठे सापडलं ते नसतं. मुघल रुपयांवर सराफांनी पारख करताना मारलेले बारीक ठसे असतात. प्रतवारीत त्यांच्यामुळे नाण्याची किंमत उतरते. मला विचाराल तर ते नाणं किती हातांतून गेलं, त्याच्यावर कुणाचा संशय होता, हे सांगणारी तीच तर खूण. चकाकीला भाव आहे तोवर खेड्यातला विक्रेता नाणी घासणारच, आणि ठिकाण विचारणारं कुणी नाही तोवर तो ते सांगणारही नाही. पाकिटावर गावाचं नाव आणि शेत की घर एवढं लिहिलेलं नसेल तर नाणं घ्यायचं नाही, असं खानदेशातल्या संग्राहकांनी ठरवावं. मी ठरवलंय. काही चांगली नाणी त्यामुळे हातची गेली.

मोबाइलवरच्या "जुन्या नाण्याचे पाच लाख" छापाच्या व्हिडिओंनीही घोळ घातला आहे. वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं नाणं, रामदरबाराचा पितळी टोकन, तांदूळ ओढणारं नाणं, यांच्या मागे लोक पैसे गमावतात. आपल्या नावावर शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने 2021च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं, तरी फसवणूक चालूच आहे. अशा व्हिडिओंमुळे खरं नाणं सापडलेला माणूस आणखीच गप्प बसतो.

मग करायचं काय? माझं मागणं एवढंच की सापडणाऱ्याला चोर समजणं कायद्याने सोडावं आणि त्याला साक्षीदार समजावं. सरकारला नाणी हवी असतील तर बाजारभाव द्यावा, आणि ठरलेल्या मुदतीत द्यावा. नको असतील तर नोंद करून, फोटो काढून, ज्याची त्याला परत करावीत आणि उघडपणे विकू द्यावीत. उशिरा कळवलं म्हणून तुरुंगाची भीती नसावी. कळवायला जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागू नये, तलाठ्याकडे अर्ज दिला तरी चालावा. दहा रुपयांची मर्यादा काढून टाकून, एकटंदुकटं नाणं आणि साठा यांत फरक करावा.

इंग्लंडने हे केलंय. 1996 साली त्यांनी नवा कायदा केला, त्याप्रमाणे साठा जाहीर करणाऱ्याला आणि जमीनमालकाला पूर्ण बाजारभाव मिळतो. कायद्यात न बसणाऱ्या वस्तूंचीही लोकांनी आपखुशीने नोंद करावी म्हणून 1997पासून जिल्ह्या-जिल्ह्यांत माणसं नेमली. दहा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली, तीही ठिकाणासकट.

यावर पुरातत्त्वाच्या अभ्यासकांचा आक्षेप मी ऐकलेला आहे आणि तो हलका नाही. बाजारभाव दिला तर लोक फावडी घेऊन पांढऱ्या खणायला लागतील, मेटल डिटेक्टर आता घरपोच मिळतो, थरांची वाट लागेल. इंग्लंडमध्येही रात्री चोरून खणणारे आहेतच. म्हणून फरक करायला हवा. नांगरताना, विहीर खणताना, भिंत पाडताना अवचित सापडलं त्याला पूर्ण मोबदला. शोधासाठी मुद्दाम खणलं, किंवा संरक्षित जागेत हात घातला, तर काही नाही, आणि शिक्षा कडक. पण आक्षेप घेणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी. पांढऱ्या आजही खणल्या जात आहेत, मातीसाठी, जेसीबीने, दिवसाढवळ्या. त्यातून निघालेल्या नाण्यांचं काय होतं ते कुठल्याच दप्तरात येत नाही. आजची व्यवस्था थर वाचवत नाही आणि नाणीही वाचवत नाही.

दप्तर म्हटलं की धुळ्याची आठवण येते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून कागद गोळा केले. 22 खंड छापले. ते 1926 साली धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. ज्या कागदांना घरातली माणसं रद्दी समजत होती, त्यांना इतिहासाचं साधन म्हणायला लोक त्यांच्यामुळे शिकले. नाण्यांसाठी असं काही खानदेशात झालेलं नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था झाली, पण चोपड्याचा किंवा शहाद्याचा शेतकरी तिथवर जाणार नाही. फारुकी सुलतानांनी 1382पासून 1601पर्यंत या मुलुखावर राज्य केलं, आणि त्यांची नाणी तर मोजकीच ज्ञात आहेत, तांब्याची. त्या घराण्याचं पुढचं नाणं कुठे निघेल? थाळनेरच्या आसपासच्या एखाद्या शेतात निघेल, आणि मोडीच्या तांब्याबरोबर काट्यावर जाईल.

राजवाडे मंडळाने, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने आणि सराफ संघटनांनी मिळून एक साधी नोंदवही सुरू करावी. सराफाने नाणं मुशीत टाकण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो, वजन, आणि विकणारा सांगेल ते गाव लिहून घ्यावं. माणसाचं नाव नको. सराफाजवळ काटा असतोच, फोन असतोच. एका नाण्याला दोन मिनिटं. मात्र आजच्या कायद्यात ही नोंदवहीच सराफाविरुद्ध पुरावा ठरू शकते, म्हणून कुणी ती ठेवणार नाही, आणि मी कुणाला ठेवा म्हणूही शकत नाही. म्हणून कायद्यापासूनच सुरुवात करावी लागेल. आमच्या भागातल्या आमदारांनी विधानसभेत हा विषय एकदा तरी मांडावा.

परवा त्याच गावातून फोन आला. मडकं निघालं त्या वाड्याला लागून चुलतभावांचा वाडा आहे, दोन्ही घरांमधली भिंत एकच. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की तोही पाडायचा आहे. "नाना, काही निंघनं तं सायेबले सांगनं पडी का?" धाकट्याने विचारलं. मी त्याला 1878चा कायदा जसा आहे तसा सांगितला, तीन चतुर्थांशाचं सांगितलं, धातू अधिक पाचव्या हिश्शाचंही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, भिंत पाडायच्या दिवशी तुम्ही या, काटा घेऊन या.

जाणार आहे.